पोटॅशचं चॉकलेट

“एक चॉकलेट दिल्याबिगर हा आत येत न्हाई, अन् दोन दिली तर भाईर जात न्हाई.”

हे वाक्य मी दाराबाहेर उभी राहून ऐकलं. हातात नेमणुकीचं पत्र होतं आणि आत जावं की थोडं थांबावं, हे ठरत नव्हतं. मला वाटलं, आत कुणाचं तरी हट्टी मूल आलं असणार. मी दार ढकललं. गोणी तोलायच्या काट्यावर तांबूस रंगाचं एक कुत्रं बसलं होतं आणि त्याच्यासमोर एक उंच, वाळके गृहस्थ उकिडवे बसून संत्र्याच्या गोळीचा कागद सोलत होते.

“चौदा किलो दोनशे,” म्हणत त्यांनी भिंतीवर खडूने आकडा लिहिला. त्या भिंतीवर असे पुष्कळ आकडे होते, महिन्याला एक. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुमी नवीन म्याडम. हा पोटॅश. ह्याच्या आधी युरिया हुता, पांढराशुभ्र. म्हातारा होऊन गेला.”

हे आमचे सर. कोल्हारच्या अलीकडे, रस्त्याला लागून दोन खोल्यांची ती मातीपरीक्षणाची प्रयोगशाळा होती. सर तिथले प्रमुख, मी सहाय्यक, आणि काचसामान धुण्यापासून शेतकऱ्यांना रांगेत बसवण्यापर्यंत बाकी सगळं नसीमआपा. मी नगर शहरात वाढलेली, इंग्रजी शाळेत शिकलेली, रसायनशास्त्राची पदवी घेऊन आलेली. माझी भाषा प्रयोगशाळेत चालायची, ओट्यावर बसलेल्या शेतकऱ्यांत नाही. म्हणून मी कमी बोलायचे. खरं तर मी सगळीकडेच कमी बोलायचे, पण इथे निदान कारण सापडलं होतं.

सरांना ‘माती’ हा शब्द चालत नसे. शेतकरी पिशवी पुढे करून “माती आणलीय” म्हणाला की सर चष्म्यावरून बघायचे.

“माती तर माझ्या चपलेला पन हाय. कुठल्या रानातली? किती खोलवरची? कवा काढली? आधी काय पीक हुतं?”

“सर, माती म्हंजे माती. आमच्या वावरातली.”

“आरं, वावरात बांध असतो, उकिरडा असतो, हिरीचा काठ असतो. सगळीकडची माती एकच असती व्हय? तुला कुनी इचारलं, घरात कोन कोन हाय, तर सांगशील का, मानसं हायेत म्हनून?”

मग तो शेतकरी हसायचा आणि सर चिठ्ठी भरायला घ्यायचे. कशाची, कुठली, किती, कधी. चारही रकाने भरल्याशिवाय पिशवी आत जात नसे. सगळी यंत्रं हाताशी असतानाही चिठ्ठी भरून झाली की सर चिमूटभर माती जिभेवर ठेवायचे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तोंड फिरवलं. “खारट हाय. पानी साचतंय तुझ्या रानात,” असं काहीतरी म्हणून ते चूळ भरायचे आणि नमुना माझ्याकडे द्यायचे. दोन दिवसांनी माझा आकडा यायचा तो बहुतेक वेळा त्यांच्या जिभेशी जुळायचा. जुळला नाही तर ते मला पुन्हा मोजायला लावायचे आणि स्वतःही पुन्हा चाखायचे.

त्यांची ही जीभ पंचक्रोशीत प्रसिद्ध होती, ती एका वांगेवाल्यामुळे. तो नमुना घरी विसरून आला होता. परत जायचा कंटाळा आला म्हणून त्याने आमच्याच गेटाजवळ पिशवी भरली आणि अगदी साळसूदपणे पुढे केली. सरांनी नेहमीप्रमाणे चिमूट जिभेवर ठेवली. थोडा वेळ डोळे मिटले.

“पोटॅश लई हाय ह्यात.”

“व्हय का?” वांगेवाला खूश झाला. “मंग खत कमी टाकावं लागंल.”

“खताचा न्हाई. कुत्र्याचा. रोज सकाळी तिथंच तंगडी वर करतो तो. ही माती माझ्या गेटाजवळची हाय.”

ओट्यावरची माणसं एवढी हसली की रस्त्यावरचा टेम्पोवाला थांबून काय झालं ते विचारून गेला. नसीमआपा म्हणाल्या, “सर, पण तुम्ही ती खाल्ली की!” सर चूळ भरत म्हणाले, “आमचं पथ्य हाय, आपा. साखर बंद हाय. आमी फकस्त माती खातो.”

साखर बंद होती हे खरं होतं. तरी त्यांच्या शर्टाचा खिसा कायम संत्र्याच्या गोळ्यांनी फुगलेला असे. ज्याची जमीन चांगली निघाली त्याला एक, वाईट निघाली त्याला दोन. नसीमआपांना आल्या आल्या एक. माझं टायट्रेशनचं मोजमाप बरोबर आलं की मला एक. आणि पोटॅशला तर रोजच. या गोळ्यांना ते चॉकलेट म्हणायचे. ते एकटेच नव्हे, तिथे सगळेच म्हणायचे. संत्र्याची गोळी, लिमलेटची गोळी, कैरीची, जिऱ्याची, अगदी खोकल्याची वडीसुद्धा चॉकलेटच. दुकानात लहान पोरगी यायची, “चॉकलेट द्या,” म्हणायची, आणि दुकानदार न विचारता कुठल्याही बरणीत हात घालायचा. आमच्या घरी आणि शाळेत चॉकलेट म्हणजे तपकिरी, कोकोचं, एवढंच. मला वाटायचं, इथे हा शब्द किती मोठा आहे आणि माझा केवढासा.

पहिल्या आठवड्यातच मी सरांना एक गोष्ट सांगायचं ठरवलं होतं. वाक्य जुळवायला मला चार दिवस लागले. “सर, कुत्र्यांना चॉकलेट विषारी असतं.”

“कुनी सांगितलं?”

“वाचलंय मी.”

“मंग पोटॅशनं वाचलेलं न्हाई,” सर म्हणाले. “सात वर्सं झाली खातोय. ये रे.”

नसीमआपा खुदकन हसल्या. मी खाली पडलेला कागद उचलून वाचला. साखर, ग्लुकोज, रंग, वास. कोकोचं नाव नव्हतं. कुत्र्याला साखरही बरी नाहीच, पण विष नव्हतं ते. त्याच वेळी मी म्हणायला हवं होतं, सर, हे चॉकलेट नव्हेच. पण धोका नाही, तर पुन्हा तोंड कशाला उघडा, असं वाटलं. जो माणूस ‘माती’ एवढ्या शब्दावर अडून बसायचा, त्याला ‘चॉकलेट’ या शब्दाचे रकाने कुणी विचारलेच नाहीत. निदान मी तरी विचारायला हवे होते.

वर्ष होत आलं तेव्हा माझ्या हातून एक घोळ झाला. मी दोन शेतकऱ्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. डाळिंबवाल्याचा अहवाल ऊसवाल्याला गेला आणि त्याचा याला. दोघं चिडून आले. मी आतल्या खोलीतच राहिले. बाहेर सरांचा आवाज ऐकू आला. “चूक माझी हाय. चष्मा बदलायचा झालाय. बसा, चहा घ्या, पुन्यांदा काढून देतो.” नंतर आत येऊन त्यांनी मला काही म्हटलं नाही. फक्त चिठ्ठीला टाचणी लावण्याऐवजी पिशवीवरच नंबर कसा घालायचा, ते दाखवलं आणि एक गोळी टेबलावर ठेवली.

मला त्यांचे आभार मानायचे होते. ते मला तोंडाने जमणार नव्हतं. रविवारी नगरला घरी गेले तेव्हा मी एक चांगलं चॉकलेट घेतलं. खरं, काळं, सत्तर टक्के कोकोचं, शंभर ग्रॅमचं. साखर असलेल्या माणसाला असल्याचा एखादा तुकडा चालतो, असं घरात कुणीतरी म्हणालं होतं. वरच्या वेष्टनावर किंमत होती म्हणून मी ते काढून टाकलं. चांदीच्या कागदातली वडी नमुन्याच्या खाकी पिशवीत घातली आणि सोमवारी सर यायच्या आधी त्यांच्या खणात ठेवली. पिशवीवर नंबर नाही, नाव नाही. चार रकान्यांपैकी एकही भरलेला नाही.

दुपारी बाराच्या सुमाराला मी आतून डबा घ्यायला आले. सर हात झटकत बसले होते. टेबलावर खाकी पिशवी होती आणि चांदीचा कागद पोटॅश जमिनीवर चाटत होता.

“आपा, कुनीतरी खनात चॉकलेट ठिवून गेलंय,” सर सांगत होते. “खतवाल्या सुनीलचंच काम. बारका तुकडा खाल्ला, तर कडू जहर. म्हनलं, सेंद्रिय कर्ब लई हाय ह्यात! मंग दिलं ह्याला समदं. अर्धा-पाऊन तास झाला, अजून जिभळ्या चाटतोय.”

सुनीलभाऊ म्हणजे खतकंपनीचा माणूस. महिन्यातून दोनदा यायचा, कॅलेंडर द्यायचा, आमच्या अहवालात त्याच्या खताचं नाव यावं म्हणून गोड बोलायचा.

मी पोटॅशजवळचा कागद उचलला. “सर, त्याला दवाखान्यात न्यायला हवं.”

“कशापायी?”

“चॉकलेट... ते...”

“झालं सुरू,” सर हसले. “म्याडम, आठ वर्सं...”

“डॉक्टरांना फोन करा,” मी म्हणाले. माझा आवाज चढला असावा, कारण नसीमआपा हातातला फ्लास्क तसाच धरून माझ्याकडे बघायला लागल्या. सरांनी मला बरं वाटावं म्हणून फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. जनावरांचे डॉक्टर त्यांच्या चांगल्या ओळखीचे होते.

“डॉक्टर, पोटॅशनं चॉकलेट खाल्लंय. आमच्या म्याडम घाबरल्यात.”

“तुमचं ते संत्र्याचं? खाऊ द्या की, सर. आज नवीन काय त्यात? पाणी पाजा,” डॉक्टर म्हणाले. त्यांच्यामागे म्हैस हंबरत होती. “ठेवू का?”

कुत्रं अगदी मजेत होतं. शेपटी हलवत होतं. त्या खोलीत फक्त मला माहीत होतं त्याच्या पोटात काय आहे ते.

“ठेवू नका,” मी फोनकडे वाकून म्हणाले. “गोळी नाही ती, डॉक्टर. खरं चॉकलेट आहे. डार्क. सत्तर टक्के कोको, शंभर ग्रॅमची वडी, एक लहान तुकडा सोडून सगळी. पाऊण तास झाला. कुत्रं चौदा किलोचं आहे.”

मग डॉक्टरांचा आवाज पूर्ण बदलला. “लगेच निघा. घरी मीठ-बीठ पाजून उलटी करवायला जाऊ नका, मी इथे करतो. निघा.”

सर उभे राहिले आणि तसेच थांबले. “तुमाला कसं कळलं, कसलं हुतं ते?”

मी टेबलावरची खाकी पिशवी उचलली. का उचलली, ते आजही मला सांगता येणार नाही. ती नाकाशी नेली आणि म्हणाले, “वासावरून.”

सरांनी पोटॅशला उचललं होतं, म्हणून स्कूटर मी चालवली. ते मागे पोटॅशला मांडीवर घेऊन बसले होते आणि सबंध रस्ता त्याच्या कानात काहीतरी बोलत होते. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. थोड्या वेळात पोटॅशने दोनदा, तीनदा उलटी केली आणि सगळ्या दवाखान्यात माझ्या चॉकलेटचा वास पसरला. मग कोळशाची औषधी पूड पाण्यात कालवून पाजली, सलाईन लावलं. काम करता करता डॉक्टर सांगत होते. कोकोतला जो घटक आपलं शरीर सहज पचवून टाकतं, तो कुत्र्याच्या अंगात तासन् तास तसाच फिरत राहतो. चॉकलेट जितकं काळं तितकं वाईट. सुरुवातीला काहीच दिसत नाही, कुत्रं उड्या मारतं, म्हणून माणसं गाफील राहतात. मग तहान, अस्वस्थपणा, छातीची धडधड, कंप, झटके. तेव्हा आणलं तर हातात फार काही राहत नाही.

“थोडं तर भिनलंच असणार,” ते म्हणाले. “आज इथेच राहू द्या.”

दोनच्या सुमाराला पोटॅश धापा टाकायला लागला. पाय बारीक थरथरत होते. सर फरशीवर मांडी घालून बसले, त्याच्या बरगड्यांवर हात ठेवून ठोके मोजत राहिले आणि दर थोड्या वेळाने आकडा स्वतःच्या तळहातावर पेनने लिहीत राहिले. मी समोर बाकावर बसले होते. एकदा त्यांनी मान वर केली.

“इतकी वर्सं म्या लोकांना इचारलं, माती म्हंजे कसली,” ते म्हणाले. “अन् आज म्याच माती खाल्ली.”

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी त्यांना पाण्याची बाटली दिली.

संध्याकाळपर्यंत तळहातावरचे आकडे उतरायला लागले. दुसऱ्या दिवशी पोटॅश भांडंभर पाणी प्यायला आणि त्याने डॉक्टरांच्या टॉवेलचं टोक फाडलं. सरांनी तो फाटका टॉवेल डॉक्टरांकडून मागून घेतला.

त्यानंतर सर बदलले, पण त्यांच्याच पद्धतीने. चिठ्ठीच्या रकान्यांत ते ज्या जोमाने घुसायचे, त्याच जोमाने ते या शब्दात घुसले. दुकानात पोरीने “चॉकलेट द्या” म्हटलं की हे शेजारून विचारायचे, “कसलं? गोळी का काळं?” दुकानदार कावला. ओट्यावर शेतकरी जमले की खत आणि पाणी याबरोबर आता कुत्र्याचाही विषय निघायचा. “वाढदिवसाचा काळा केक, चॉकलेटची बिस्किटं, काय बी कुत्र्याला घालायचं न्हाई. खाल्लंच तर घरी बसायचं न्हाई. कशाचं, किती, कवा, अन् कुत्र्याचं वजन. ही चार उत्तरं घेऊन डॉक्टरकडं पळायचं.” मग हात माझ्याकडे व्हायचा. “ह्या म्याडमनं नुसत्या वासावरनं वळखलं! सत्तर टक्के! माझी जीभ काय घिऊन बसलात, नाक बघा पोरीचं!”

‘म्याडम’वरून मी त्यांची ‘पोरगी’ झाले होते, आणि ते एका खोट्यावर.

लोक खरंच बघायचे माझ्या नाकाकडे. एका आजीबाईंनी लोणच्याची बरणी आणून, खराब झालंय का ते सांग, म्हणून पुढे धरली. सर मुद्दाम नमुने माझ्या नाकाशी आणायचे, “काय म्हनतंय?” विचारायचे, आणि मी काहीतरी पुटपुटले की त्यांचा चेहरा असा खुलायचा की मी वहीत डोकं घालायचे. मला कुणी इतक्या अभिमानाने कधी दाखवलं नव्हतं. खरं सांगितलं तर तो चेहरा जाईल, याची मला भीती होती. कुत्र्याच्या जिवावर बेतलं ते माझ्यामुळे, हे त्यांना कळेल, आणि मग पूर्वीसारखं एक चॉकलेट टेबलावर येणार नाही.

नसीमआपांना संशय आला असावा. भांडी घासता घासता एकदा म्हणाल्या, “म्याडम, सत्तर टक्के वासानं कळतं? एकाहत्तर का नाही?” मी नळ मोठा केला.

पंधरा दिवसांनी सुनीलभाऊ आला. हातात कॅलेंडरांची गुंडाळी होती.

“तितंच थांब,” सर आतून ओरडले. “उंबरा वलांडायचा न्हाई.”

“सर, फोन उचलत नाही, गेटातून हाकलता. माझा गुन्हा तर कळू द्या!”

“चॉकलेट ठिवलंस खनात, चोरावानी. नाव न्हाई, गाव न्हाई. माझं कुत्रं मेलं असतं.”

“मी?” सुनीलभाऊने कॅलेंडरं छातीशी धरली. “सर, मी आजपर्यंत कुणाला चहा पाजला नाही. चॉकलेट कुठून देऊ?”

“हे मात्र खरंय,” नसीमआपा म्हणाल्या.

“मंग कुनी ठिवलं? वर कळवतो तुझ्या सायबांना. आजच कळवतो.”

“कळवा. पण आधी या म्याडमना विचारा.” तो दारातूनच हात लांब करून माझ्याकडे वळला. तो खरंच रडकुंडीला आला होता. “म्याडम, तुम्हाला वासावरून सगळं कळतं म्हणतात. घ्या, माझ्या हाताचा वास घ्या आणि सांगा सरांना, तो हात माझा होता का.”

पोटॅश उठून त्याचा हात हुंगून आला आणि परत काट्यावर जाऊन बसला. सर माझ्याकडे बघत होते, ओट्यावरचे दोघं-तिघं शेतकरीही. सरांच्या चेहऱ्यावर तोच अभिमान होता. त्यांना वाटत होतं, मी आता त्या हातात काहीतरी ओळखणार.

मी ॲप्रनला हात पुसले.

“सुनीलभाऊंचा हात नव्हता तो,” मी म्हणाले. “आणि मला वासही आला नव्हता, सर. ते चॉकलेट मी ठेवलं होतं. तुमच्यासाठीच आणलं होतं, पण नाव लिहायची मला लाज वाटली.”